मा. परिवहनमंत्र्यांना खुले पत्र : पक्क्या लायसन्सची परीक्षा रस्त्यावर घ्या

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी काही वर्षं जर्मनीत गाडी चालवली, आता महाराष्ट्रात चालवतो. दोन्हीकडच्या रस्त्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : तिकडची माणसंच शिस्तीची, आपल्याकडे ते जमायचं नाही. हे मला मुळीच मान्य नाही.

१९७० साली पूर्व आणि पश्चिम जर्मनीत मिळून २१ हजारांहून अधिक माणसं रस्ते अपघातात गेली. २०२३ मध्ये हा आकडा २,८३९ होता, आणि दरम्यान गाड्या तर कितीतरी पटींनी वाढल्या होत्या. हे आपोआप झालं नाही. पश्चिम जर्मनीत १९७२ साली गावाबाहेरच्या रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली, १९७३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्यावरचे निर्बंध कडक झाले. १९७६ मध्ये सीटबेल्टची सक्ती झाली, पण दंड नव्हता, त्यामुळे असंख्य लोकांनी बेल्ट लावलाच नाही. १९८४ मध्ये दंड सुरू झाला आणि मग बेल्ट लागले. ज्यांना आपण जन्मजात शिस्तीचे समजतो, त्यांचा हा इतिहास आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. हे आपल्या स्वभावामुळे होतं असं म्हणणं म्हणजे हात झटकणं आहे.

आपले नियम वाईट आहेत असंही नाही. सिग्नल नसलेल्या चौकात, कुठलाच रस्ता मुख्य नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम जर्मनीत आहे आणि आपल्याकडेही आहे. तिथे वस्तीतल्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी मोठी गाडी थांबते, उजवीकडची छोटी गाडी निघून जाते, कुणी हॉर्न वाजवत नाही. आपल्याकडे त्याच चौकात ज्याने आधी नाक घुसवलं तो पुढे जातो. झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, हेही दोन्हीकडे लिहिलेलं आहे. आपल्याकडे पट्ट्यांवर उभी असलेली म्हातारी बाई गाड्यांना हात दाखवत विनवणी करत असते.

नियम शिकवलाच जात नाही तिथे रिवाज तयार होतो, आणि आपल्या रस्त्यांवर अशा रिवाजांचं राज्य आहे. समोरून कुणी डिपर मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा असतो. जर्मनीत बहुतेक वेळा ‘तू जा, मी थांबतो’ असा असतो. चौकातून सरळ जायचं असेल तर आपल्याकडे अनेक जण पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लावतात. बाजूच्या माणसाला त्यातला एकच इंडिकेटर दिसतो आणि गाडी वळणार असं तो धरून चालतो. जर्मनीत महामार्गावर चारही इंडिकेटर दिसले की मागच्याला कळतं : पुढे गाड्या तुंबल्या आहेत, वेग कमी कर. सगळ्यात भीती वाटते ती ट्रकच्या उजव्या इंडिकेटरची. तो कधी ‘मी उजवीकडे वळतोय’ असं सांगतो, तर कधी ‘पुढे रस्ता मोकळा आहे, ओव्हरटेक कर’ असं. रात्रीच्या वेळी दुपदरी रस्त्यावर मागच्या चालकाने यातलं काय समजायचं? चूक झाली तर ती दुरुस्त करायला दुसरी संधी मिळत नाही. २०१५ मध्ये आपल्या राज्याने ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. चांगलं केलं. पण पाटी पुसली तरी सवय गेली नाही, कारण हॉर्नऐवजी काय करायचं हे कुणी शिकवलं नाही.

रुग्णवाहिकेचंही तेच. तिला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आली. जर्मनीत महामार्गावर वाहतूक रांगू लागली की सायरन ऐकू येण्याची वाट पाहायची नसते. सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे, आणि मधे वाट मोकळी ठेवायची. खंडाळ्याच्या घाटात खोळंबलेल्या गाड्यांमध्ये अडकलेली रुग्णवाहिका ज्याने पाहिली आहे, त्याला या नियमाचं मोल सांगावं लागणार नाही. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून दिशा उलट्या कराव्या लागतील, एवढंच.

आता मूळ मुद्दा. जर्मनीत नव्या चालकाला प्रथमोपचाराचा वर्ग सक्तीचा आहे. गावाबाहेरचे रस्ते, महामार्ग आणि रात्र मिळून प्रत्येकी ४५ मिनिटांचे १२ खास तास पूर्ण केल्याशिवाय प्रत्यक्ष परीक्षेला बसता येत नाही. परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि गाडी खऱ्या रहदारीत जाते. आपलं लायसन्स असलेल्या माणसाला तिथे राहायला गेल्यावर सहाच महिने त्यावर गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. इथे वर्षानुवर्षं गाडी चालवलेली माणसं त्यात नापास होतात. स्टिअरिंगवर त्यांचा हात पक्का असतो. वळण्यापूर्वी मान वळवून मागे पाहिलेलं नसतं. मग तीच मराठी माणसं ते शिकतात, पास होतात आणि तिथे व्यवस्थित गाडी चालवतात. स्वभावाचं कारण इथेच निकालात निघतं.

तिकडचं सगळं उचलून आणा, असं मी म्हणत नाही. तिथलं लायसन्स फार महाग पडतं आणि त्याबद्दल तिथेही तक्रारी आहेत. त्यांच्या महामार्गांच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही, हेही मला पटत नाही. आपल्याकडे लायसन्सवर कित्येक घरांची चूल अवलंबून आहे; त्याची किंमत वाढवणं अन्याय होईल.

पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १५ आपण स्वतः एकदा वाचावा, ही विनंती. चालकाला काय काय आलं पाहिजे याची लांब यादी त्यात आहे : ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं, इशारा देऊन लेन बदलणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणं. मैदानात आठचा आकडा काढून यातलं काय तपासलं जातं? रिकाम्या ट्रॅकवर ना पादचारी असतो, ना समोरून येणारी बस. शिकाऊ लायसन्सच्या चाचणीत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की माणूस पास. चुकलेल्या सहा प्रश्नांत चौकात आधी कुणी जायचं हा प्रश्न असला तरीही.

कायदा केंद्राचा आहे, पण आरटीओ आपले आहेत. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेचा काही भाग खऱ्या रस्त्यावर, निरीक्षक गाडीत बसलेला असताना घेतला जावा. निरीक्षक कमी आहेत, असं उत्तर येईल. ते खरंही आहे. म्हणून सुरुवात मोजक्या कार्यालयांत करा, पण करा. द्रुतगती मार्गांवर रुग्णवाहिकेसाठी मधली वाट ठेवण्याची पद्धत सुरू करा, टोलनाक्यांवर तिची चित्रं लावा. आणि प्रत्येक आरटीओत दर महिन्याला किती जणांनी परीक्षा दिली, किती नापास झाले आणि कशात, हे आकडे जाहीर करा. ज्या कार्यालयात जवळपास कुणीच नापास होत नाही, तिथली परीक्षा कशी चालते हे आपण एकदा न कळवता जाऊन पाहावं.

आपला विश्वासू,
एक वाहनचालक