तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद, फाईल मात्र तिसऱ्यांदा परत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व सॉफ्टवेअर विभाग

विषय : महाविद्यालयीन सॉफ्टवेअरमधून निघणारी क्रेडिटची चुकीची फाईल आणि काल दुपारचा फोन

महोदय,

तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली आमच्या महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाची क्रेडिटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या श्रेयांकांची, फाईल विद्यापीठाकडून तिसऱ्यांदा परत आली आहे. तिन्ही वेळा आमचे तिकीट, म्हणजे तुमच्याकडे नोंदवलेली तक्रार, ‘सोडवले’ असा शेरा मारून बंद झाले. काल फोनवर जे ऐकून घ्यावे लागले, त्यानंतर ग्राहक सेवेच्या नंबरवर पुन्हा फोन करायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. हे पत्र थेट तुम्हाला.

मुख्य दोष असा. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट्स जिथे जमा होतात त्या खात्याचा, आयडी १२ अंकी असतो. तुमचे सॉफ्टवेअर फाईल सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या स्वरूपात) देते आणि तुमच्याच मार्गदर्शिकेच्या सूचनेप्रमाणे शेवटचे दोन रकाने हाताने भरण्यासाठी ती एक्सेलमध्ये उघडावी लागते. एक्सेल साध्या रकान्यात ११ अंकांपर्यंतचा आकडा पूर्ण दाखवते. १२ अंकी झाला की १.२३४५७ई+११ असा आखडून दाखवते. त्याच अवस्थेत सीएसव्ही सेव्ह केली की फाईलमध्ये जे दिसते तेच लिहिले जाते. आयडीचे शेवटचे सहा अंक गेले ते गेलेच. फाईल पुन्हा उघडून रकान्याचे स्वरूप ‘नंबर’ केले तरी जागेवर सहा शून्ये येतात. परत आलेल्या फाईलमध्ये झाडून सगळे आयडी सहा शून्यांवर संपत होते. ही टंकलेखनाची चूक असती तर दहा ठिकाणी दहा तऱ्हेची असती.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. फाईल एक्सेलच्याच स्वरूपात द्या आणि त्यात आयडीचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. नाहीतर ते दोन रकाने सॉफ्टवेअरमध्येच भरण्याची सोय करा, म्हणजे मध्ये एक्सेल येणारच नाही. सध्या आम्ही कोरे एक्सेल उघडून डेटा मेनूतून फाईल आत घेतो आणि आयडीचा रकाना टेक्स्ट ठरवतो. सेव्ह करतानाही साधी सीएसव्ही निवडून चालत नाही, यूटीएफ-८ वाली निवडावी लागते, नाहीतर देवनागरीतल्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. यातले एक अक्षरही तुमच्या मार्गदर्शिकेत नाही.

आता कालचा फोन. स्क्रीन शेअर करून तुमच्या प्रतिनिधीला ती सहा शून्ये दाखवली. उत्तर आले, “हे आयडीच चुकीचे आहेत, मुलांना नवीन काढायला सांगा.” हा आयडी डिजिलॉकरमधून आधारवर निघतो, एका विद्यार्थ्याचा एकच असतो आणि त्याची क्रेडिट्स त्याच खात्यात जमा व्हायची असतात, हे सांगितले. “मग आधार अपडेट करायला सांगा.” आधारमध्ये काही चूक नाही, सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे तोच आयडी पूर्ण बारा अंकी दिसतो आहे, तो बघा, असे म्हटले. त्यावर, “तुमच्या कोकणात नेटचा प्रॉब्लेम असतो ना, त्यात फाईल करप्ट होते. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांची अशी कंप्लेंट नाही.” आणि शेवटी, “तिथे एक्सेल येणारं कुणी आहे का? त्यांना फोन द्या.” हे बोलणे चालू असतानाच मोबाईलवर संदेश आला की तिकीट सोडवले आहे, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

एक्सेल येते म्हणूनच दोष कुठे आहे ते तुम्हाला नेमके सांगता आले. आणि नेट गेले तर फाईल अर्धवट उतरते. प्रत्येक आयडीचे शेवटचे सहाच अंक वेचून पुसत नाही.

“मुलांना नवीन काढायला सांगा” हे वाक्य आम्हाला सर्वांत लागले. इथे हे आयडी कसे निघाले ते समजून घ्या. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. कित्येक मुलांच्या आधारला वडिलांचा नंबर आहे, आणि वडील मुंबईत कामाला किंवा बोटीवर खलाशी. चाकरमानी गणपतीला गावी आले, तेव्हा फोन आणि मूल एका घरात आले आणि ओटीपी मिळाला. खलाशांच्या मुलांचे काम १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत उरकले, कारण त्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्याला असतात. एकेका आयडीमागे घरच्यांची एवढी धडपड आहे. तो तुमच्या फाईलमध्ये निम्मा पुसला जातो आणि तुमचा माणूस नवीन काढायला सांगतो.

नावाच्या रकान्याचेही तेच. आमच्या निकालपत्रकात आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव येते. आधारवर आधी स्वतःचे नाव, शेवटी आडनाव, आईचे नाव नाही. क्रेडिटचा आयडी आधारच्या नावाने निघतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाला एकच जागा आहे, म्हणून निकालपत्रक सुधारले की क्रेडिटची फाईल बिघडते, आणि फाईल सुधारली की निकालपत्रक. महाराष्ट्रात सॉफ्टवेअर विकताना हे ठाऊक असायला हवे होते. ‘आधारप्रमाणे नाव’ असा वेगळा रकाना द्या.

तिसरा दोष याहून गंभीर आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. थिअरीच्या १५ तासांना एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक. आठवड्याला दोन तासांचे प्रात्यक्षिक १५ आठवडे चालले की एक क्रेडिट होते. तुमचे सॉफ्टवेअर त्याला दोन धरते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्रासाठी किमान ४० क्रेडिट्स लागतात, शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. ज्याची ३८ भरली आहेत तो तुमच्या पडद्यावर ४० चा दिसतो. आम्ही हाताने बेरीज केली म्हणून कळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार खात्यातली क्रेडिट्स सर्वसाधारणपणे सात वर्षे ग्राह्य राहतात. या मुदतीत कुणी शिक्षण पुढे चालू करायला आला आणि खात्यातला आकडाच चुकीचा निघाला, तर त्याने कुणाकडे जायचे? तो आमच्याच खिडकीवर येणार.

पुन्हा लिहितो : तिन्ही तिकिटे ‘सोडवले’ म्हणून बंद आहेत आणि तिन्ही दोष जसेच्या तसे आहेत. यापुढे आमच्या लेखी होकाराशिवाय तिकीट बंद करू नका.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आयडीचा रकाना, आधारचे नाव आणि प्रात्यक्षिकाचे क्रेडिट या तिन्ही दुरुस्त्या करून द्या, आणि चाचणीसाठी आमच्याच मुलांची फाईल काढून दाखवा. तसे न झाल्यास वार्षिक देखभालीचा करार नूतनीकरण होणार नाही, आणि सर्व विद्यार्थ्यांची माहिती उघडता येईल अशा स्वरूपात परत द्यावी लागेल. पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात त्या कायद्याने तक्रार करता येते. आमच्यासाठी तो रत्नागिरीत आहे, तुमच्या शहरात नाही.

हे सॉफ्टवेअर घ्यावे म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या दोन महाविद्यालयांना आम्हीच सांगितले होते. त्यांनाही आज या पत्राची प्रत पाठवली आहे.

सोबत : परत आलेल्या तिन्ही फाईली, सहा शून्यांचा स्क्रीनशॉट, हाताने केलेली क्रेडिटची बेरीज.

परीक्षा विभाग
(ग्राहक क्रमांक तुमच्या तिन्ही बंद तिकिटांवर आहे)