ताप नसला तरी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "बाबांना ताप नाही, नुसता खोकला आहे, जेवण तेवढं कमी झालंय." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

पावसाळा सरता सरता आमचा वॉर्ड दरवर्षी फ्लूच्या पेशंटांनी भरतो. तरुण पोरं तापाने फणफणून येतात आणि बहुतेक आठवड्याच्या आत घरी जातात. वयस्कर माणसांना कधी कधी तापच येत नाही. अन्नावरची वासना उडते, दिवसभर गुंगी असते, बोलणं असंबद्ध होतं, मोरीकडे जाताना तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं. इकडे न्यूमोनिया छातीत धरलेला असतो.

परवा बाबांच्याच वयाचे एक शेतकरी काका आले. "काही नाही, जरा दम लागतो," म्हणाले. एवढं बोलायला त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन 84. गावात आठवडाभर सलाईन आणि अँटिबायोटिक चालू होतं. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. त्यात शुगर वाढलेली. आम्ही खूप केलं, पण काका गेले.

शेजारच्या खाटेवरच्या आजी त्यांच्याहून थकलेल्या होत्या. सुनेने दुसऱ्याच दिवशी आणलं, फ्लूच्या विषाणूवरच्या ओसेल्टामिवीरच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. थोडे दिवस ऑक्सिजन लागला, पण आजी आपल्या पायांनी घरी गेल्या. ही गोळी पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर सगळ्यात जास्त लागू पडते. म्हणून म्हणते, बाबांना उद्या सकाळीच डॉक्टरांकडे ने आणि फ्लूचं नाव काढून विचार.

आई, कपाटातलं ऑक्सिमीटर काढ. बाबांना पाच मिनिटं स्वस्थ बसव, बोटं गार असतील तर चोळून मग लाव. पोटाची हालचाल बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोज. ऑक्सिजन 94 च्या खाली आला, श्वास 24 च्या वर गेले, किंवा बाबा विचारलं एक आणि सांगितलं भलतंच असं करायला लागले, तर रात्र असली तरी अप्पाकाकांना गाडी काढायला सांग आणि सरळ जळगाव गाठा.

बाबा, केळी कापणीला आलीय, व्यापारी दारात उभा आहे, सगळं कळतं मला. पण फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि तुमची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मळ्यात पाऊल टाकायचं नाही. कापणी दादा बघेल. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी एकही चुकवू नका. खोकला गेला तरी अशक्तपणा काही आठवडे राहतो, त्याला घाबरू नका.

आई, तू यंदाची फ्लूची लस या आठवड्यातच घे, अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. बाबांना बरं वाटलं की त्यांनाही दे.

रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजनचा आकडा मला मोबाईलवर पाठव. ड्युटीवर असले तरी मी बघेन.

तुमची,
सुजाता