जॉब कार्डावर लक्षण लिहा, इलाज नको

मा. संपादक,
स. न.

गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली गाडी आठ दिवसांत पुन्हा तीच कुरबुर करू लागते आणि गॅरेजवाला सांगतो, 'हा वेगळा प्रॉब्लेम आहे.' या वादात ग्राहक बहुधा हरतो, कारण गाडी आत सोडताना नेमकी तक्रार काय होती हे कुठेच लिहिलेले नसते. बोलणे तोंडी झालेले असते आणि बिलावर 'जनरल रिपेअर' एवढे दोनच शब्द असतात.

किल्ली देण्यापूर्वी जॉब कार्ड, म्हणजे गाडी आत घेताना गॅरेज भरते तो कामाचा कागद, मागावे आणि त्यावर तक्रार लक्षणाच्या भाषेत लिहून घ्यावी. 'क्लच प्लेट बदलणे' असे लिहिले की प्लेट बदलल्यावर गॅरेजची जबाबदारी संपते, मग गाडी थरथरत राहिली तरी. त्याऐवजी 'पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी थरथरते, चढावर इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही' असे लिहावे. म्हणजे ती थरथर जाईपर्यंत काम पुरे झाले असे म्हणता येत नाही. किलोमीटरचा आकडा, आधीचे ओरखडे, अंदाजे खर्च आणि तारीख घालावीच. त्याखाली आणखी दोन ओळी: जास्तीचे काम निघाल्यास आधी विचारावे, आणि काढलेले जुने पार्ट परत द्यावेत. छापील कार्ड नसेल तर हाच मजकूर गॅरेजच्या नंबरवर व्हॉट्सॲप करून 'बरोबर आहे' असे उत्तर घ्यावे.

क्लचचेच उदाहरण पुढे नेतो, कारण तिथे मजुरी मोठी असते. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लचला हात लागत नाही. म्हणून क्लचची प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलायचे असते. फक्त प्लेट टाकून पैसे वाचवले तर जुने बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागते आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो. फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचे जड चाक, जळून निळे पडले असेल तर ते न घासता नवी प्लेट बसवली की थरथर कायम राहते. प्लेट ज्यावर बसते त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस जास्त लागले, किंवा क्रँकचे मागचे ऑइल सील गळत असताना तसेच ठेवले, तर नवी प्लेट तेलकट होऊन घसरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑइल बाहेर येते. छोट्या गाडीत ते साधारण २ लिटर असते. बिलात गिअर ऑइल दिसत नसेल तर काय भरले, हे विचारायलाच हवे. जुनेच गाळून ओतले गेले असण्याची किंवा कमी भरल्याची शक्यता असते.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती एसीत. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे, पण दर एप्रिलमध्ये गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे आणि ती कोणी शोधलेली नाही. दगड लागून फुटलेला पुढचा कंडेन्सर, पाइपांच्या जोडावरील रबरी रिंगा आणि डॅशबोर्डच्या आतली कुलिंग कॉइल या गळतीच्या नेहमीच्या जागा. कॉइलसाठी पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून ते काम टाळून वरचेवर गॅस भरून दिला जातो.

योग्य पद्धत अशी: गळती शोधून दुरुस्त करायची, मग व्हॅक्युम पंप निदान अर्धा तास चालवून आतली हवा आणि ओल काढायची, पंप बंद करून १५ मिनिटे गेजचा काटा जागचा हलत नाही ना हे पाहायचे आणि मगच गॅस वजन करून भरायचा. किती ग्रॅम भरायचा हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. नुसता गेजचा दाब पाहून भरलेला गॅस बाहेरच्या तापमानाप्रमाणे चुकतो. गॅस जास्त झाला तर कुलिंग वाढत नाही, उलट दाब चढून कॉम्प्रेसर बंद पडू लागतो. गळतीबरोबर कॉम्प्रेसरचे ऑइलही जाते, तेही मोजून परत घालावे लागते. म्हणून बिलावर दोन गोष्टी लिहून मागाव्यात: गळती कुठे सापडली आणि गॅस किती ग्रॅम भरला.

ब्रेकच्या कामात जिवाशी गाठ असते. पॅड बदलताना, ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावले नाही तर एक पॅड झिजतो, दुसरा तसाच राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. काम झाल्यावर पेडल स्पंजसारखे मऊ लागले तर लाइनमध्ये हवा राहिली आहे. ती गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. खंबाटकी किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळले की हा फरक पायाला कळतो.

चाकांचे नट इम्पॅक्ट गनने आवळून सोडून देणे हाही सर्रास दिसणारा आळस. छोट्या-मध्यम गाड्यांना आवळण्याचा जोर (टॉर्क) साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गनने त्याच्या दुप्पट ताण सहज बसतो, आटे जातात, डिस्क वाकडी होऊन ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरते. शेवटचा फेरा टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, मारायला सांगावे. गाडीतल्या स्टेपनीच्या पान्यावर उभे राहूनही नट सुटत नसेल तर तो जास्तच आवळला आहे. रात्री पंक्चर झाल्यावर हे कळून उपयोग नाही. ऑइल बदलताना चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टचेही तेच. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर आटे लवकर जातात. वायसर दरवेळी नवा हवा, आणि घरी आल्यावर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवून गळती पाहावी.

डेंटिंग-पेंटिंगचे काम उन्हात पाहावे, गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली नाही. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्याला चिकटले नाही तर आत लांबी (पुट्टी) जाड भरली आहे. कॅशलेस विम्यात गाडी नीट पाहिल्याशिवाय समाधानपत्रावर सही करू नये.

ताबा घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून, ज्या वेगात आणि ज्या रस्त्यावर तक्रार होती तिथेच फेरी मारावी. सकाळी थंड इंजिनावर येणारा आवाज संध्याकाळी तपासता येत नाही, त्यासाठी गाडी रात्रभर तिथेच ठेवावी. बिलात पार्ट नंबर आणि मजुरी वेगवेगळी हवी. 'बिल नको, स्वस्तात करतो' हे मान्य करणे म्हणजे पुरावा सोडणे. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजनेही सही-तारखेची पावती द्यायला हवी. नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पार्ट स्वतः आणून दिला, तर त्या पार्टाची हमी मात्र गॅरेजकडे मागता येणार नाही.

काम बिघडलेच तर त्याच दिवशी व्हिडिओसह लेखी कळवावे आणि दुरुस्तीची संधी द्यावी. रागाच्या भरात दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी उघडू नये. दुसऱ्याचा हात लागला की पहिल्याची चूक सिद्ध करणे अवघड होते. जायचेच असेल तर खोलण्यापूर्वी फोटो आणि लेखी तपासणी अहवाल घ्यावा. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजला दिला आहे, तेव्हा भांडत बसण्यापेक्षा बिलावर 'हरकत राखून पैसे दिले' असे लिहून गाडी सोडवावी. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मिटले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

राज्याच्या परिवहन आणि ग्राहक संरक्षण विभागांकडे एकच मागणी आहे: तक्रारीचे लक्षण, अंदाजे खर्च, बदललेले पार्ट आणि कामाची हमी किती दिवसांची, हे चार रकाने असलेले एक पानी मराठी जॉब कार्ड प्रत्येक गॅरेजला बंधनकारक करावे. नीट काम करणाऱ्या मिस्त्रीलाही ते हवेच आहे, कारण तोंडी व्यवहारात खोट्या तक्रारीचा भुर्दंड त्याला बसतो.

— एक निवृत्त शिल्प निदेशक, मोटार मेकॅनिक विभाग, सातारा