सूचना : एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) दंड आणि ग्रुपमधली निवड

'एव्हरक्वेस्ट' या ऑनलाइन खेळातल्या आपल्या गिल्डच्या (खेळाडूंच्या संघाच्या) सर्व सभासदांसाठी,

रेंजर किंवा पॅलाडिन क्लासचं (प्रकारचं) पात्र दिसलं की ग्रुपमध्ये "जागा नाही" म्हणायचं, हे आपल्यात वाढलंय. ते आजपासून बंद.

आपला सर्व्हर 'एव्हरक्वेस्ट'च्या 1999 सालच्या जुन्या नियमांवर चालतो. त्यात पॅलाडिन, रेंजर, शॅडो नाइट आणि बार्ड यांना प्रत्येक लेव्हलसाठी 40 टक्के जास्त एक्सपी लागते; हाच क्लासचा दंड. वंशाचा दंड वेगळा, आणि तो बेरजेने नव्हे तर गुणाकाराने लागतो. ट्रोल वंशाच्या शॅडो नाइटचं गणित 1.4 गुणिले 1.2, म्हणजे 68 टक्के जास्त. नवीन पात्र बनवण्याआधी हे पाहून घ्या. नंतर क्लास बदलता येत नाही.

ग्रुपमधली वाटणी प्रत्येकाच्या एकूण एक्सपीच्या प्रमाणात होते, त्यामुळे दंडवाल्याचा वाटा थोडा मोठा निघतो आणि बाकीच्यांचा कमी. तक्रार खोटी नाही. पण बार्डच्या गाण्यांनी 'माना' (जादूची शक्ती) भरून येतो, पॅलाडिन अडचणीत हील करतो, आणि एकदा सगळा ग्रुप मेला की त्या फरकाहून कितीतरी जास्त एक्सपी जाते. (मूळ खेळातूनही क्लासचा हा दंड पुढे काढून टाकला गेला, उगाच नाही.)

मेलात तर गिल्ड चॅटवर कळवा आणि क्लेरिकची (मेलेल्याला पुन्हा उठवणाऱ्या क्लासची) वाट पाहा. वरच्या लेव्हलचा क्लेरिक गेलेल्यापैकी 96 टक्के एक्सपी परत मिळवून देतो.

फक्त क्लास पाहून कोणाला नाकारलं गेलं, तर अधिकाऱ्यांना खासगी संदेश पाठवा. चॅटवर भांडण नको.

– गिल्ड अधिकारी