फाशीच्या फलकामागं कोण लपतं?

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदया,

लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं पेपरात आलं की आमच्या तालुक्याला मोर्चा निघतो. 'फाशी द्या'चे फलक लागतात, बाजारपेठ बंद राहते, तहसीलदारांना निवेदन दिलं जातं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी चालवते. अशा मोर्चांत मीही चालले आहे, आणि तो राग खोटा नसतो. पण मोर्चा पांगल्यावर बायका ओट्यावर बसून जे बोलतात, ते निवेदनात कधी उतरत नाही.

पोक्सोच्या, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात. ओळखीचा म्हणजे आमच्याकडे चुलता, आतेभाऊ, शेजारचा बुढा, नाहीतर संस्थेतला माणूस. २०१९ च्या दुरुस्तीनं या कायद्यात फाशीही आली. आता एखाद्या आजीचा विचार करा. नातीनं पोटात दुखतं म्हणून सांगितलं, खोदून विचारलं तर नाव निघालं आजीच्याच धाकट्या लेकाचं. ती म्हातारी ठाण्याची पायरी चढेल? ती नातीलाच म्हणते, "चूप राय माय, कोनाले सांगू नको. उद्या तुयं लगन कोन करन?" शिक्षा जितकी मोठी, तितकं घरातलं तोंड घट्ट मिटतं. (मुलग्यांच्या बाबतीत तर तोंड उघडण्याचा प्रश्नच येत नाही.)

त्या म्हातारीवर गुन्हा घाला, असं मी म्हणत नाही. पण पगार आणि अनुदान घेऊन लेकरं सांभाळणाऱ्यांना तिच्यासारखी सूट का मिळावी? पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. कायदा २०१२ पासून आहे. आमच्या भागातल्या किती शिक्षकांना, अधीक्षकांना हे कलम कोणी वाचून दाखवलं?

बुलडाण्याच्या खामगाव तालुक्यातलं पाळा २०१६ साली अवघ्या राज्याला माहीत झालं. तिथल्या आश्रमशाळेतल्या आदिवासी मुली दिवाळीला घरी गेल्या, तेव्हा शाळेत त्यांच्यावर झालेला अत्याचार बाहेर आला. म्हणजे वसतिगृह, स्वयंपाकघर, वर्ग, कार्यालय एवढ्या सगळ्या माणसांत त्या पोरींना सांगावंसं वाटेल असं एकही माणूस नव्हतं. मला त्या आरोपीपेक्षा या गोष्टीचा जास्त त्रास होतो. पुढं २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहानग्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवायलाच तासन् तास लागले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठं यंत्रणा हलली. तिथं शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर माहिती दडवल्याचा गुन्हा दाखल झाला. मग हे कलम वापरायला दर वेळी रेल्वे अडवावी लागणार का? आमच्याकडं तर रेल्वेच नाही.

बदलापूरनंतर सीसीटीव्हीचे, तक्रारपेट्यांचे आदेश निघाले. पाच वर्षांची पोर पेटीत चिठ्ठी कशी टाकणार, हे आदेश काढणाऱ्यानंच सांगावं. गावोगावी ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत, सरपंच अध्यक्ष. पण ज्याच्या घरात गोष्ट घडते तो समितीतल्या कुणाचा तरी भाऊबंद किंवा मतदार निघतो. अशा बैठकीत कोण बोलेल? म्हणून ऐकणारं माणूस बाहेरचं हवं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून प्रशिक्षण घेतलेली बाई महिन्यातून एकदा यावी. तिनं सह्या गोळा करू नयेत, लेकरांसोबत बसावं. आश्रमशाळेत तर हे आधी सुरू व्हावं.

दुसरी गोष्ट कापसाची. वेचणीच्या दिवसांत आया सकाळी सातला निघतात आणि दिवेलागणीला परततात. अंगणवाडी दुपारी सुटते. मधला वेळ लेकरं जिथं सावली आणि टीव्ही असेल तिथं जातात. तो ओटा कुणाचा, हे पाहायला कुणाला सवड नसते. पुढं काही झालं की गाव त्या आईलाच विचारतं, "तुयं लक्ष कुठं होतं?" तिचं लक्ष मजुरीत होतं, आणखी कुठं असणार? मनरेगाच्या कायद्यात कामावर पाचपेक्षा कमी वयाची पाच लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन ठेवण्याची सोय लिहिली होती. मालकाच्या वावरात तसं काहीच नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवता येतं. निदान दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ते आमच्या कापूस पट्ट्यात संध्याकाळपर्यंत चालू ठेवा. त्यासाठी वेगळी बाई आणि वेगळं मानधन द्या. माझ्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून हे होणार नाही.

आणि एक माहिती हवी आहे. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत २०१२ पासून कलम २१ खाली किती संस्थाचालकांवर आणि मुख्याध्यापकांवर गुन्हे दाखल झाले, किती जणांना शिक्षा झाली, हे जिल्हावार जाहीर करा. गृह खात्याकडून आकडे मागवायला आपल्याला एक पत्र पुरेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी उत्तर आलं, तर ते सभेत मी स्वतः वाचून दाखवीन.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जि. यवतमाळ