आशाताईंनी कंबर मोजली. पुढचं कोणी बघायचं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अतिलठ्ठ रुग्णांसाठी सोलापुरात सरकारी उपचारांची सोय करण्याबाबत

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या खात्याचा एक फॉर्म आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशी ओलांडलेल्यांसाठी तो भरतात. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला साखर-बीपी आहे का, हे विचारतात आणि टेपने कंबर मोजतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० च्या पुढे गेली की दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. पद्धत चांगली आहे. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, साखर याच तपासणीत सापडली, त्याबद्दल मी आपल्या खात्याचा आणि आमच्या गल्लीतल्या आशाताईंचा मनापासून आभारी आहे. साखरेला गोळी मिळाली, बीपीला गोळी मिळाली. पण ज्या कंबरेमुळे तिला पाठवलं, त्या कंबरेचं पुढे काय करायचं, हे कोणाच्याच कामात बसत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

अक्काचं वय ४७, उंची पाच फूट एक इंच, आणि पहिल्यांदा नीट मोजलं तेव्हा वजन १३१ किलो. उंची-वजनाचा हिशेब मांडला तर तिचा बीएमआय ५४ च्या वर जातो. भारतीय माणसाला २५ पासूनच लठ्ठ धरतात. तेव्हा चार किलो वाढलेत, जरा जेवण कमी करा, असं हे प्रकरण नाही. हा गंभीर आजार आहे. त्याच्या मागोमाग साखर आली, बीपी आला, गुडघे गेले, आणि आता रात्री घोरता घोरता तिचा श्वास मध्येच थांबतो, मग ती दचकून उठून बसते. दिवसा बोलता बोलता तिचे डोळे मिटतात.

सोलापूरच्या पूर्व भागात अक्कासारखं आयुष्य काढलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत. शाळा सुटली आणि विड्या वळायला मांडीवर सूप आलं. पानं भिजवायची, कापायची, जर्दा भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हजार पुरे होईपर्यंत उठायचं नाही. उठून दोन पावलं चालली तर तेवढ्या विड्या कमी. दिवसचे दिवस, वर्षानुवर्षं एका जागी बसून. पुढे बाळंतपणं झाली, थायरॉईड निघाला. साखरेच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननेही वजन वाढतं, हे आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं.

'खाऊन खाऊन झाली' हे वाक्य अक्काने लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलंय, सिटी बसमध्ये ऐकलंय, आणि दवाखान्याच्या रांगेतही ऐकलंय. मला या वाक्याची चीड आहे, आणि ती नुसती भाऊ म्हणून नाही. हे वाक्य चुकीचं आहे. वजन उतरायला लागलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं, आणि बसल्या जागी शरीर जी ऊर्जा जाळतं तीही कमी होते. इतक्या वजनाच्या माणसाला 'तोंडावर ताबा ठेवा' एवढं सांगून घरी पाठवणं म्हणजे त्याला त्याच्याच शरीराशी एकट्याने झुंजायला सोडून देणं.

आता वजनकाट्याचं सांगतो. आम्ही ज्या सरकारी दवाखान्यात जातो तिथला काटा १२० किलोपर्यंतच चालतो. अक्का वर उभी राहिली की आकडा येतच नाही. सिस्टरनी केसपेपरवर लिहिलं : '१२० +'. त्यांचा दोष नाही, त्यांना जे दिलंय त्यावरच त्या मोजणार. शेवटी मार्केट यार्डात ओळखीच्या एका अडत्याकडे, ज्या काट्यावर ज्वारीची पोती तोलतात त्यावर, दुपारी गर्दी नसताना तिला उभं केलं. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती उभी राहिली. आकडा तिने बघितला नाही. 'तूच बघ आणि डॉक्टरला सांग' म्हणाली.

त्यानंतरच्या वर्षात अक्काने आठ किलो उतरवले. १३१ चे १२३ झाले. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के जरी उतरले तरी साखर आणि बीपीला फरक पडतो, असं डॉक्टर सांगतात. तिने सहा टक्के उतरवले होते. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. आणि केसपेपरवर पुन्हा तेच : '१२० +'. मंत्रीमहोदय, एका आजारी बाईने वर्षभर जिवाचं रान केलं आणि सरकारी कागदावर ते उमटलंच नाही. जे मोजलंच जात नाही त्यावर डॉक्टर तरी उपचार कसा ठरवणार?

बीपीच्या पट्ट्याचीही तीच कथा. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर बीपी असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. अशा रुग्णासाठी मोठा पट्टा वेगळा मिळतो. अक्काला नेहमीचाच पट्टा कसाबसा बांधत, आकडा चढलेला दिसे, गोळी वाढे. मग तिला चक्कर यायला लागली. एका खासगी डॉक्टरांनी मोठा पट्टा लावून बघितलं तेव्हा बीपी तेवढा नव्हताच. मोठा पट्टा ही काही महागडी वस्तू नाही. तो प्रत्येक आरोग्य केंद्रात का नसावा?

हे आठ किलो कसे उतरले तेही लिहितो, कारण आपण या कामाला माणूस नेमलात तर त्याच्या उपयोगी पडेल. आम्हाला एके ठिकाणी छापील डाएटचा कागद मिळाला होता. त्यावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह ऑईल. विडी कामगाराच्या घरात हे कुठून येणार? आणि ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी पिकते, तिथे ओट्स कशाला? आम्ही आमच्याच ताटात बदल केला. रेशनच्या तांदळाचा भात एकाच वेळेला आणि मोजून. बाकी भाकरी, डाळ, पालेभाजी, पातळ ताक. शेंगाची चटणी सोलापूरच्या माणसाला सोड म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, हे कळल्यावर ती वाटीतून चमच्यावर आली. कडक भाकरी आहे, कारण ती चावायला वेळ लागतो आणि जेवण सावकाश होतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अक्काचं ताट वेगळं नाही. घरात जे तिला, तेच सगळ्यांना. एकटीने पथ्य पाळायचं आणि बाकीच्यांनी समोर भजी खायची, असं कोणाचंच पथ्य टिकत नाही.

चालण्याचं म्हणाल तर सोलापूरचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. पारा ४३-४४ वर जातो. आठ वाजले की बाहेर पडायची सोय नाही. म्हणून उजाडायच्या आत गल्लीतच फेऱ्या. भाचा हातात प्लास्टिकचं स्टूल घेऊन बरोबर चालतो. दम लागला की तिथेच स्टूल टेकवायचं, अक्का बसते, श्वास जागेवर आला की पुन्हा चार घरं पुढे. दिवसा खुर्चीत बसून हात-पाय हलवायचे. यात कुठलीच जादू नाही. पण हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, विचारत विचारत गोळा केलं. अस्थिरोग विभागात म्हणतात, 'आधी वजन कमी करा, मग गुडघ्याचं बघू.' मधुमेहाच्या खिडकीवर म्हणतात, 'रोज चाला.' गुडघ्यामुळे चालता येत नाही आणि चालता येत नाही म्हणून वजन उतरत नाही. या दोन खोल्यांच्या मध्ये बसून ही गाठ सोडवणारा माणूस सरकारी दवाखान्यात आम्हाला भेटला नाही.

मग माणसं जाहिरातींच्या नादी लागतात. रिक्षाच्या मागे, भिंतीवर, मोबाईलवर : 'महिन्यात दहा किलो, गॅरंटीने.' आमच्या शेजारच्या घरात अशा पावडरीवर विडीच्या मजुरीचे किती पैसे गेले ते मी बघितलंय. जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिराती रोखणारा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर असा दावा करायला मनाई आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. कायदा हाताशी आहे. अन्न व औषध प्रशासनाला सोबत घेऊन आपण एकदा सोलापुरात तो लावून दाखवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेल दहा टक्के कमी करा असं आवाहन केलं. ते योग्यच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. त्यातल्या बहुतेकांना अशा आवाहनाचा उपयोग होईल. पण ज्यांचा बीएमआय ५० च्या घरात आहे, त्यांची गोष्ट तेलाच्या पळीच्या पुढे गेलेली असते. त्यांच्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया आहे. जठराचा मोठा भाग काढतात किंवा अन्नाची वाट बदलतात. नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वं आणि तपासण्या सांभाळाव्या लागतात. वजन उतरवायला आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली, मौंजारो आणि वेगोवी. ती बंद केली की वजन बरंचसं परत चढतं, तेव्हा ती लांबचा पल्ला धरून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. हे सगळं आम्हाला खासगीतच दिसलं. अक्काच्या शस्त्रक्रियेसाठी आम्हाला पुण्यात सांगितलेला खर्च साडेतीन लाखांच्या पुढे. विड्यांच्या मजुरीत तो कोणत्या जन्मी जमणार?

इथे एक गोष्ट आपल्या नजरेस आणून द्यायची आहे. ज्यांच्याकडे खासगी विमा आहे त्यांच्यासाठी विमा नियामकाने २०१९ मध्ये नियम ठरवून दिले. बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा किमान ३५ आणि जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारी साखर असेल, बाकीचे उपाय करून झाले असतील आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर लठ्ठपणाचं कारण पुढे करून शस्त्रक्रियेचा खर्च वगळता येत नाही. अक्काकडे खासगी विमा नाही, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कार्ड घेऊन गेलो तर एका रुग्णालयाच्या खिडकीवर 'वजनासाठी योजनेत काही नाही' म्हणून परत पाठवलं. जो निकष पैसे भरून विमा घेणाऱ्याला लागू आहे, तोच योजनेच्या कार्डावर, शब्दाशब्दाने लिहून, लागू करा. म्हणजे खिडकीवरच्या माणसालाही 'नाही' म्हणता येणार नाही.

सोलापूरचं सर्वोपचार रुग्णालय आपल्या खात्याकडे नाही, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. पण पेशंट खाती बघून आजारी पडत नाही. दोन्ही खात्यांनी मिळून तिथे आठवड्यातला एक दिवस लठ्ठपणाच्या ओपीडीसाठी ठेवावा. एकाच दिवशी, एकाच मजल्यावर, शक्यतो तळमजल्यावर, मधुमेहाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मनाचं ऐकणारा समुपदेशक भेटावा. आहारतज्ज्ञाला तेलुगू आणि कन्नड थोडंफार येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पूर्व भागातल्या निम्म्या चुली त्या भाषांत बोलतात. झोपेची तपासणी तिथेच व्हावी आणि श्वासाचं मशीन घरी न्यायला मिळावं. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात २०० किलोंच्या पुढे मोजणारा काटा, मोठा बीपी पट्टा, हात नसलेली एक भक्कम खुर्ची आणि रुंद व्हीलचेअर द्यावी. रेशनवर ज्वारी अधूनमधून न देता बारमाही द्यावी. आणि आशाताईंच्या फॉर्मवर कंबर ९० च्या पुढे निघाली, तर त्या बाईला नेमकं कोणत्या दिवशी कोणाकडे पाठवायचं, तो रकाना त्याच फॉर्मवर वाढवावा.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजची फुले योजना, २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. इथे ती राबवून बघितली आणि मग महाराष्ट्रभर नेली. लठ्ठपणाच्या उपचारांची सुरुवातही सोलापुरातून करा. अक्काला पुढची तारीख आहे ती साखरेच्या ओपीडीची. त्याआधी निदान तो काटा तरी बदलून द्यावा, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
अक्काचा धाकटा भाऊ
पूर्व भाग, सोलापूर