नंदे, ईराचा नंबर लागला

एडिसन, न्यू जर्सी
11 एप्रिल 2026

प्रिय नंदे,

ईराचा मेडिकलला नंबर लागला. कॉलेजचं दुसरं वर्ष अजून संपायचंय, पोरगी एकोणीस वर्षांची, आणि एका मेडिकल स्कूलने तिला आत्ताच लिहून दिलंय की दोन वर्षांनी पदवी घे आणि सरळ आमच्याकडे ये. घरात पेढे झाले. वहिनीने नाशिकहून व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. ह्यांनी डोळे पुसले आणि मग कांद्याला बोल लावला, घरात कांदा चिरलेला नसताना! मला मात्र तेव्हापासून धड झोप नाही. का नाही, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

तब्येतीचं आधी उरकते. बीपीची गोळी चालू, गुडघा तसाच, ह्यांची साखर आटोक्यात. झालं.

आपल्या वेळचं तुला ठाऊकच आहे. बारावीचा निकाल, पीसीबीची बेरीज, लिस्ट, आणि एका दुपारी जन्माचा निकाल. इथे बहुतेकांना बारावीनंतर डॉक्टरकीला जाताच येत नाही. आधी चार वर्षांची पदवी. विषय कुठलाही घ्या, इतिहास घ्या नाहीतर संगीत, पण बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरलेले कोर्स झालेच पाहिजेत. मग एमकॅट, जेवणाची सुट्टी धरून साडेसात तासांची परीक्षा. मग पंधरा-वीस ठिकाणी अर्ज, प्रत्येकाचे निबंध वेगळे, फी वेगळी, मुलाखती वेगळ्या. वर्षाला 52 हजारांच्या आसपास मुलं अर्ज करतात आणि 23 हजारांच्या आसपास आत जातात. म्हणून बहुतेक जण पदवीनंतर एखाद-दोन वर्षं थांबतात, अर्ज भक्कम करत बसतात, आणि पहिल्या वर्षाला बसेपर्यंत चोविशीला टेकतात.

हा अर्ज भक्कम करण्याचा प्रकार मी लॅबमध्ये रोज बघते. प्री-मेडची, म्हणजे डॉक्टरकीच्या तयारीतली, मुलं हॉस्पिटलात सेवा करायला येतात आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तास मोजतात. त्यांचा दोष नाही ग. मेडिकल स्कूलवाले तास मागतात म्हणून ती तास देतात. एका मुलाला मी सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू दाखवले. किती सुंदर स्लाइड होती! त्याने विचारलं, हे अर्जात कुठल्या रकान्यात लिहू? मला रडू यायचं बाकी राहिलं.

यातून सुटायची एक वाट आहे, आणि ईरा तिने गेली. त्या वाटेच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे शाळेतूनच आठ वर्षांची जागा, कॉलेज आणि मेडिकल दोन्ही धरून. ब्राउन विद्यापीठात अशी सोय 1980च्या दशकापासून आहे. दुसरी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात अर्ज करायचा आणि मेडिकलची जागा आधीच राखून घ्यायची. न्यूयॉर्कच्या माउंट सिनायने 1987 मध्ये हे मानव्यशास्त्रांच्या मुलांसाठी सुरू केलं. साहित्य, तत्त्वज्ञान शिकणारी मुलं एमकॅट न देता आत घ्यायची, म्हणजे चार वर्षं फक्त परीक्षेपुरती वाचणारे डॉक्टर तयार होणार नाहीत, हा विचार. 2013 मध्ये त्यांनी तो दरवाजा कुठल्याही विषयाच्या मुलांना उघडला. बफेलोला, टफ्ट्सला, अशी आणखी कितीतरी ठिकाणी ही सोय आहे, कुठे स्वतःच्याच विद्यार्थ्यांपुरती, कुठे सगळ्यांना.

आणि मुलं कच्ची निघत नाहीत, बरं का. 2010 मध्ये म्युलर आणि केस या माउंट सिनायच्याच दोघा डॉक्टरांनी या मुलांची बाकीच्यांशी तुलना छापली. लायसन्सच्या पहिल्या लेखी परीक्षेत त्यांचे मार्क थोडे कमी, पण वॉर्डातल्या कामात काही फरक नाही, उलट संशोधनासाठी एखादं वर्ष जास्त देण्याकडे आणि मानसोपचाराकडे कल जरा अधिक. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझीच आठवण येत होती, कारण मिरजेच्या हॉस्टेलवर फिजिऑलॉजीच्या पुस्तकात तू कविता लपवून वाचायचीस.

ईराच्या पत्रात अटी आहेत. मार्क अमुकच्या खाली येता कामा नयेत, ठरलेले कोर्स पुरे करायचे, वागणूक नीट, आणि दुसरीकडे अर्ज केला तर ही जागा गेली. एमकॅट नाही. पत्र आलं त्याच्या पुढच्या सोमवारी तिने फळमाश्यांची लॅब सोडली. म्हणाली, आई, ती मी फक्त अर्जासाठी करत होते, मला माश्यांचा तिटकारा आहे. आणि कशात नाव घातलं? अमेरिकन खुणांची भाषा! आता दर गुरुवारी एका वृद्धाश्रमात जाते, तिथे दोन बहिऱ्या आजी आहेत, त्यांच्याशी हातवाऱ्यांनी गप्पा मारते. एका आजींनी तिला सांगितलं की डॉक्टर माझ्या मुलीकडे बघून बोलतात, माझ्याकडे कधीच नाही. हे सांगताना ईराचा आवाज चढला होता. लहानपणापासून मी त्या मुलीचा असा आवाज ऐकला नव्हता. तेव्हा ही वाट चांगली आहे, आणखी मुलांना मिळायला हवी, असं माझं पक्कं मत आहे. एकोणिसाव्या वर्षी धास्तीतून सुटलेली मुलगी कशी फुलते ते मी समोर बघतेय.

मग झोप का येत नाही? सांगते.

नेहमीच्या रस्त्याने जाणाऱ्या मुलाला ही सगळी यातायात पुन्हा पुन्हा विचारते, खरंच यायचंय का तुला? एमकॅटच्या आधी विचारते, निबंधात विचारते, मुलाखतीत विचारते, थांबलेल्या वर्षात रिकाम्या संध्याकाळी विचारते. खर्चिक आहे, जीवघेणं आहे, पण विचारणं होतं. कितीतरी मुलं वाटेतच दुसरीकडे वळतात आणि सुखी होतात. ईराला आता कुणी विचारणार नाही. कॉलेज नाही, मेडिकल स्कूल नाही, नाशिकची वहिनी तर नाहीच नाही. जागा मिळालेल्या मुलीला 'तुला आवडतंय का' असं विचारणं म्हणजे पंगतीत बसलेल्याला भूक आहे का विचारण्यासारखं, लोकांना अपशकुन वाटतो. तुझ्या वेळी अण्णांनी गावात पेढे वाटले होते. कोण विचारणार होतं तुला?

आता स्वारगेट. नाक मुरडू नकोस, मी काढणारच. 1991 मध्ये तू ट्रंक घेऊन उतरलीस, सेकंड एमबीबीएस सोडून, आणि मी स्टँडवरच तुझ्याशी भांडले. मी तेव्हा म्हटलं की तुझी जागा आता कुणालाच मिळणार नाही, रिकामीच राहणार, महाराष्ट्रात एक डॉक्टर कमी झाला. ते मी आजही म्हणेन. दुसऱ्या वर्षाला सुटलेली जागा भरत नाहीत हे खरंच होतं. तू म्हणालीस, जागा गेली, मी तर वाचले. आणि रिक्षात बसलीस. त्या वाक्याच्या पुढचं तू मला आजतागायत सांगितलेलं नाहीस. (रिक्षाचे पैसे मी दिले होते, तेही अजून आलेले नाहीत.)

इथे एक बरं आहे. ईराने वर्ष सुरू होण्याआधी नको म्हटलं तर जागा वाया जात नाही, नेहमीच्या अर्जदारांतल्या कुणाला तरी ती मिळते. त्यामुळे स्वारगेटचा मुद्दा मला तिच्यावर चालवता येत नाही. माझ्या हातात मुद्दाच उरलेला नाही, नुसती काळजी आहे.

कर्जाचा घोर वेगळाच. येत्या 1 जुलैपासून केंद्र सरकारचं कर्ज मेडिकलला वर्षाला 50 हजार डॉलर, एकूण दोन लाख, त्याच्या वर नाही. उरलेलं कुठून आणायचं ते हे रात्री कागदावर मांडतात आणि सकाळी फाडतात. तो विषय इथेच सोडते.

ईराला मी गेल्या रविवारी रोझेलला घेऊन गेले. आमच्यापासून जवळच आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये तिथेच कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या होत्या. अठरा वर्षांच्या. फिलाडेल्फियाच्या कॉलेजच्या सगळ्या अटी त्यांच्याकडून पुऱ्या होत नव्हत्या, तसं त्यांनी पत्रात स्वतःच लिहिलं, तरी कॉलेजने घेतलं. मला वाटलं होतं पोरीला हुरूप येईल. ती म्हणाली, आई, त्यांना तर नक्की माहीत होतं ना त्या कशासाठी आल्यात. त्यांचं मूल गेलं होतं. मला कसं कळणार? आणि मग गाडीत बसताना म्हणाली, मी नंदामावशीशी बोलू का? तिनं सोडलं होतं ना?

म्हणून हे पत्र. होकार कळवायला 30 एप्रिलपर्यंत मुदत आहे. तू बोल तिच्याशी. माझी बाजू घेऊ नकोस, मुद्दाम उलटीही घेऊ नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे, मी भाजीत गूळ घाल म्हटलं की तू मिरची घालणार. आणि प्रेतं टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासाची गोष्ट सांगू नकोस. ती सासरच्यांना ठीक होती. तुला कधी कळलं, कशावरून कळलं, कळल्यावर किती दिवस गप्प बसलीस, ते सांग. तिला लगेच कळेल तू खरं बोलतेस की नाही. मला नंतर सांगितलं नाहीस तरी चालेल.

तुझं काय? शेडनेट वाऱ्याने उडालं ते पुन्हा बसवलंस का? कलमांचा भाव वाढव, तू फार स्वस्त विकतेस, हे मी दरवेळी सांगते. निखिलचं लग्न डिसेंबरात ठरलं तर तिकिटं आत्ता काढावी लागतील, लवकर कळव. अण्णांच्या मोतीबिंदूचं झालं का?

ईरा रात्री उशिरापर्यंत जागी असते. तुझ्याकडे सकाळी साडेआठ म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अकरा. तुझी शुक्रवार सकाळ सोडून कधीही कर, इथल्या गुरुवारी ती आजींकडून उशिरा येते. नंबर व्हॉट्सअॅपवर टाकते. आधी मेसेज कर, अनोळखी नंबर ती उचलत नाही.

तुझी,
शुभा